रिकामं केल्याशिवाय न टिकणारं तळं : फ्रान्समधल्या बुलिन्यो गावाचा पाण्याचा वारसा

फ्रान्समध्ये ल्यों शहराच्या उत्तरेला, सोन, रोन आणि अँ या तीन नद्यांच्या मधे एक सपाट पठार आहे. त्याचं नाव दोंब. या पठारावर सुमारे १,२०० तळी आहेत आणि ती सगळी भरली तर जवळपास १२,००० हेक्टर जमीन पाण्याखाली जाते. बुलिन्यो हे त्यातलंच एक छोटं गाव. वस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास, एक चर्च, थोडी घरं, पाण्याने वेढलेला चौदाव्या शतकातला विटांचा गढीवजा वाडा आणि चहूकडे तळी.

इथे येणारा माणूस आधी त्या वाड्याचा फोटो काढतो, आणि वाडा आहेही तसाच देखणा. पण बुलिन्योचं आणि आसपासच्या गावांचं सगळ्यात मोलाचं बांधकाम कुणाच्या फोटोत येत नाही. ते म्हणजे गवताने झाकलेला मातीचा बांध आणि त्याच्या पोटातली, पाणी सोडायची मोरी. इथलं जवळपास एकही तळं निसर्गाने केलेलं नाही. तेराव्या शतकापासून माणसांनी ती हातांनी बांधली, आणि ठरावीक काळाने मुद्दाम रिकामी केली म्हणूनच ती आजवर टिकली.

माती अशी, म्हणून तळी

हिमयुगात रोन नदीच्या खोऱ्यातून आलेली हिमनदी या पठारावर पसरली होती. ती मागे हटली तेव्हा गोटे, वाळू आणि चिकणमाती मागे राहिली. वरच्या बारीक गाळातली चिकणमाती पावसाबरोबर झिरपत खाली गेली आणि तिथे एक घट्ट थर बसला. या थरातून पाणी मुरत नाही. त्यामुळे हिवाळ्यात शेतं चिखलात बसतात आणि उन्हाळ्यात तीच जमीन विटेसारखी कडक होते. धान्यासाठी ही जमीन कायमच कष्टाची. पाणी धरून ठेवायला मात्र ती उत्तम.

घडीव दगडही इथे नाही. म्हणून वाडे आणि बुरूज भाजलेल्या विटांचे आणि साधी घरं ठासलेल्या मातीच्या भिंतींची. लाकडी साच्यात ओलसर माती थराथराने ठोकून या भिंती उभ्या करतात. मातीला खालून ओल लागू नये म्हणून पायथ्याला गोट्यांचं किंवा विटांचं जोतं असतं, आणि वरून पावसाचा मारा बसू नये म्हणून छपराच्या वळचणी भरपूर पुढे काढलेल्या असतात. अशा जुन्या भिंतीला आज सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच अडकते आणि भिंत पायथ्याकडून ढासळू लागते. दुरुस्तीसाठी चुन्याचा गिलावाच वापरावा लागतो.

तळ्याचे भाग

दोंबचं तळं उथळ असतं. सरासरी खोली मीटरभर, कधी त्याहूनही कमी. उताराच्या खालच्या बाजूला आडवा बांध घातला की वरच्या बाजूला पाणी पसरतं. बांध नुसता माती लोटून होत नाही. आधी गवत आणि वरची भुसभुशीत माती काढून टाकतात. मग बांधाच्या मध्यरेषेवर चर खणतात, थेट खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत. तो चर शुद्ध चिकणमातीने थराथराने भरून ठोकतात आणि तोच गाभा वर बांधाच्या माथ्यापर्यंत नेतात. हा गाभा आणि खालचा थर नीट सांधला गेला नाही, तर पाणी बांधाखालून वाट काढतं. बांधाच्या खालच्या बाजूला कायम ओला, हिरवागार पट्टा दिसला की समजावं, गाभ्यात फट आहे.

तळ्याच्या तळाशी मध्यभागी एक लांब चर वरच्या टोकापासून बांधापर्यंत गेलेला असतो, आणि त्याला दोन्ही बाजूंनी छोटे चर मिळतात. बांधाला टेकून जो भाग सगळ्यात खोल ठेवलेला असतो, तो मासे धरायचा खड्डा. त्याच्या पुढे मोरी. पूर्वी ओकचा अख्खा बुंधा पोखरून नळी करत आणि तिच्या तोंडावर लाकडी बूच बसवत. सतत पाण्यात राहिलेलं ओक कुजत नाही, त्यामुळे अशा मोऱ्या पिढ्यानपिढ्या चालत. आज तिथे विटांची किंवा काँक्रीटची विहीर असते, तिच्यात वरखाली होणारी फळी, फळी उचलायला स्क्रू आणि पुढे मासे अडवणारी जाळी.

याशिवाय दोन वाटा लागतात. एक सांडवा, जादा पाणी बांधावरून न जाता बाजूने जावं म्हणून. त्यालाही जाळी हवीच, नाहीतर जोराच्या पावसात मासे शेजाऱ्याच्या तळ्यात. दुसरी वाट म्हणजे तळ्याला वळसा घालून जाणारा कालवा. वरच्या तळ्यातलं पाणी या तळ्यात न शिरता थेट खालच्या तळ्याला पोचवायचं असेल, तेव्हा तो कामाला येतो. हा कालवा गाळाने बुजला की माळेतल्या सगळ्याच तळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं.

माळ म्हणण्याचं कारण असं की इथल्या बहुतेक तळ्यांना ना नदी, ना झरा. पावसाचं पाणी आणि वरच्या तळ्यातून सोडलेलं पाणी, एवढंच. हिशोब करून पाहा. १० हेक्टरचं, सरासरी १ मीटर खोल तळं म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. ऑक्टोबर ते मार्च ४०० मिलिमीटर पाऊस पडला असं धरलं, तर तळ्यावर थेट पडणारा पाऊस ४० हजार घनमीटर देतो. उरलेले ६० हजार आजूबाजूच्या जमिनीवरून वाहून यायला हवेत. पावसाचा चौथा हिस्सा वाहून येतो असं मानलं, तर ६० हेक्टरांचं पाणलोट लागेल. ते नसेल तर वरच्या तळ्याच्या मालकाने कधी पाणी सोडलं, यावर खालच्याचं सगळं वर्ष ठरतं. म्हणूनच दोंबमध्ये कुणीही एकट्याने तळं चालवू शकत नाही.

मासे काढण्याचा दिवस

मासेमारीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या आसपास संपतो. थंडीच निवडण्यामागे रोख कारण आहे. ५ अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात जवळपास १३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर २५ अंशाला सव्वाआठ. शिवाय थंडीत मासा सुस्तावतो आणि प्राणवायू कमी वापरतो. उन्हाळ्यात हजारो किलो मासे एका खड्ड्यात गोळा केले तर तासाभरात मरायला लागतील.

आधी मोरीची फळी थोडीशी उचलतात. १० हेक्टरचं तळं दोन आठवड्यांत रिकामं करायचं, तर सेकंदाला साधारण ८० लिटर पाणी सोडावं लागतं. घाई केली तर दोन गोष्टी बिघडतात. पाणी वेगाने उतरलं की मासे चराच्या दिशेने सरकायच्या आधीच उथळ भागातल्या डबक्यांत अडकतात, आणि गाळ ढवळून खाली वाहतो. तो गाळ खालच्या तळ्यात जातो, शिवाय माशांच्या कल्ल्यांतही बसतो. चर नीट साफ केलेले असतील तर मासे पाण्यामागोमाग आपोआप खड्ड्यापर्यंत येतात. चर साफ नसतील तर माणसांना गुडघाभर चिखलात उतरून मासे वेचावे लागतात, आणि त्यातले कितीतरी हाती लागेपर्यंत मेलेले असतात.

ठरलेल्या दिवशी पहाटेच माणसं जमतात. छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून काहीजण पाण्यात उतरतात आणि लांब जाळं खड्ड्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ओढत आणतात. जाळ्याची खालची कड तळाला घासत राहायला हवी, कारण कार्प मासा गाळात तोंड खुपसून खालून निसटतो. जाळं काठाशी आणून खांबांना अडकवलं की मोठ्या दांड्याच्या झोळ्यांनी मासे वर काढून निवडायच्या टेबलावर ओततात.

निवडण्याला क्रम आहे. पाइक हा शिकारी मासा आणि तितकाच नाजूक. त्याला आधी बाजूला काढतात. मग लहान पांढरी मासळी, मग टेंच, आणि शेवटी कार्प, कारण तो सगळ्यांत चिवट. प्रत्येक जात वेगळी तोलली जाते आणि प्राणवायू सोडलेल्या टाक्यांच्या ट्रकमध्ये जाते. मासे जिवंतच विकले जातात. काही खाण्यासाठी, काही दुसरी तळी आणि नद्या भरण्यासाठी, काही जर्मनीसारख्या देशांत, जिथे नाताळाच्या जेवणात कार्प लागतो. मासे निघाले की तळं कोरडं ठेवायचं नसेल तर मोरी लगेच बंद करतात. उशीर झाला, तर हिवाळ्याचा जो पाऊस वाहून गेला तो परत मिळत नाही.

कार्पला विक्रीच्या आकाराचं व्हायला तीन उन्हाळे लागतात. पहिल्या उन्हाळ्यात तो बोटभर होतो, दुसऱ्यात काही शे ग्रॅमचा आणि तिसऱ्यात दीड-दोन किलोचा. म्हणून एकच तळं असून भागत नाही. पिल्लांसाठी वेगळं, मधल्या वयाच्यांसाठी वेगळं आणि मोठ्यांसाठी वेगळं तळं लागतं. मोठ्या तळ्यात पाइक मुद्दाम सोडतात. तो पांढऱ्या मासळीची जास्तीची पिल्लं खातो, नाहीतर तीच पिल्लं कार्पच्या वाट्याचं खाणं संपवतात. पण पाइक सोडताना तो कार्पपेक्षा बराच लहान हवा. आकार चुकला की मालकाच्याच मालावर तो ताव मारतो.

कोरडं वर्ष

तीन-चार वर्षं पाणी आणि मग एक वर्ष पूर्ण कोरडं, असं हे चक्र आहे. पूर्वी दोन वर्षं पाणी आणि एक वर्ष कोरडं अशी पद्धत सर्रास होती. पाण्याच्या वर्षांना ‘एव्होलाज’ म्हणतात, कोरड्या वर्षाला ‘आसेक’. धरणाचं पाणी ओसरल्यावर आपल्याकडे गाळपेर करतात, तसंच हे, फक्त इथे पाणी ओसरण्याची वाट न पाहता ते ठरवून काढून टाकतात.

पाण्याखालच्या गाळात मेलेल्या वनस्पती, माशांची विष्ठा, पानं असं सगळं साठत जातं. तिथे प्राणवायू नसल्याने ते धड कुजत नाही. तळ उघडा पडला, नांगरला गेला, हवा लागली की तेच कुजून नत्र आणि स्फुरद मोकळं होतं. पूर्वी इथे ओट पेरत, आता बरेचदा मका. वेगळं खत फारसं न घालता पीक येतं. त्याचबरोबर माशांचे परजीवी मरतात, नको ते मासे संपतात, मोरी आणि बांधाची दुरुस्ती होते, वेतगवताच्या मुळांना आळा बसतो. पुढच्या वर्षी पाणी भरलं की पिकाची ताटं आणि उरलेली अन्नद्रव्यं यांवर सूक्ष्म जीव वाढतात. तेच माशांचं खाद्य. कोरड्या वर्षानंतरचं पहिलं पाणी सगळ्यात जास्त मासे देतं, हे इथला प्रत्येक मालक जाणतो.

तरीही आज कोरडं वर्ष चुकवणारे मालक वाढलेत. कारण पैशाचं आहे. अनेक तळ्यांना माशांपेक्षा बदकांच्या शिकारीच्या भाड्यातून जास्त उत्पन्न मिळतं, आणि कोरड्या तळ्यावर बदकं येत नाहीत. हा हिशोब एका वर्षापुरता बरोबर आणि दहा वर्षांत चुकीचा ठरतो. गाळ चढतो, तळं आणखी उथळ होतं, पाण्यातली झाडं कमी होतात आणि ज्या बदकांसाठी हे केलं त्यांनाच घरट्यासाठी आसरा उरत नाही.

एकाच जमिनीचे दोन मालक

दोंबच्या वारशातला सगळ्यात विलक्षण भाग कायद्याचा आहे. इथल्या जुन्या रिवाजानुसार, ज्याच्याकडे बांध घालायला योग्य जागा असेल त्याला बांध घालून पाणी अडवता येई, मग ते पाणी शेजाऱ्यांच्या शेतांवर पसरलं तरी चालत असे. ज्यांची जमीन बुडाली त्यांना भरपाई मिळे किंवा त्यांचा कोरड्या वर्षाचा हक्क शाबूत राही.

म्हणजे पाणी असेपर्यंत अख्खं तळं आणि त्यातले मासे बांधवाल्याचे. पाणी उतरलं की तळातले शेतांच्या हद्दीचे दगड उघडे पडत आणि प्रत्येक शेतकरी आपापला तुकडा पेरत असे. हे दोन्ही हक्क स्वतंत्रपणे विकता येत, वारसाने वाटता येत. त्यामुळे काही पिढ्यांनंतर एका तळ्याचे पाण्याचे मालक तीन, तर कोरडे मालक वीस, अशी अवस्था सहज येई.

त्यावर आणखी हक्क होते. पाण्यावर तरंगणारं एक गवत गुरांना फार आवडतं, ते खायला गुरं तळ्यात उतरवण्याचा हक्क वेगळा. काठावर चारण्याचा हक्क वेगळा. तागासारख्या भांगेच्या काड्या धागा सुटण्यासाठी तळ्यात भिजत घालण्याचा हक्कही वेगळा. गुरं उतरली की पाणी गढूळ होई, काड्या कुजल्या की पाण्यातला प्राणवायू कमी होई, आणि माशांचा मालक चिडे. रिवाजाने या सगळ्यांच्या वेळा आणि हद्दी ठरवून दिल्या होत्या. वीस माणसांना तळ्याचा उपयोग होता, म्हणून वीस माणसांना बांध सांभाळण्यात रस होता. या व्यवस्थेची हीच ताकद होती. आणि एकाने अडवलं तर काहीच बदलता येत नसे, हीच तिची अडचण.

ताप आणि तळी बुजवण्याचा काळ

मध्ययुगात चर्चच्या नियमांमुळे वर्षात शंभराहून जास्त दिवस मांस वर्ज्य असे, आणि ल्योंसारखं मोठं शहर जवळ होतं. त्यामुळे माशांना पक्की बाजारपेठ होती आणि तळी वाढत गेली. पण उथळ, कोमट पाण्याबरोबर हिवतापही आला. दोंबची गावं शेजारच्या प्रदेशांत आजारी म्हणून ओळखली जात.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारने ४ डिसेंबर १७९३ रोजी तळी रिकामी करून धान्य पेरण्याचा हुकूम काढला. हुकूम देशभरासाठी होता, इथल्या मातीचा त्यात विचारच नव्हता, आणि १७९५ मध्ये तो मागे घेतला गेला. खरा बदल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झाला. १८५६ च्या कायद्याने गुंतलेले हक्क लिलावाने एका हातात आणायची वाट मोकळी केली. १८६३ मध्ये ल प्लांते गावाजवळ त्रापिस्त पंथाच्या संन्याशांचा मठ सुरू झाला, तळी बुजवून शेती करून दाखवणं हे त्याच्या कामांपैकी एक. त्याच सुमारास रेल्वे कंपनीला ल्योंजवळच्या सातोने ते बूर्ग या मार्गाची परवानगी देताना ६,००० हेक्टर तळी कोरडी करण्याची अट घातली गेली. हा मार्ग १८६६ मध्ये सुरू झाला. या काही दशकांत तळ्यांचं क्षेत्र जवळपास निम्म्यावर आलं.

तेव्हा समजूत अशी होती की ताप दलदलीच्या दूषित हवेतून येतो. हिवतापाचा परजीवी लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात पाहिला, आणि डासांशी असलेला त्याचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत दाखवला. तोवर इथली हजारो हेक्टर तळी आटवून झाली होती. ताप हटला खरा, पण त्यामागे एकटं तळी बुजवणं नव्हतं. क्विनाइन, चुना घालून सुधारलेली शेतं, बरी घरं, बरं खाणं या सगळ्यांचा त्यात वाटा होता. १९०१ मध्ये पुन्हा पाणी भरायला कायद्याने परवानगी दिली आणि अनेक तळी परत आली. आज पाण्याचा आणि कोरड्या वर्षाचा मालक बहुतेक ठिकाणी एकच असतो.

आता काय बिघडतंय

हिवाळ्याचा पाऊस कमी झाला की माळेतली खालची तळी भरतच नाहीत. उन्हाळा कडक झाला की उथळ पाणी तापतं, शेवाळ माजतं, रात्री ते प्राणवायू खाऊन टाकतं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा वेळी पंख्यांनी पाणी ढवळणं एवढंच हातात असतं. खाद्य टाकणं तर लगेच थांबवावं लागतं.

पाणकावळ्यांचं नुकसान फार मोठं आहे. युरोपात १९७९ पासून पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यांची संख्या वाढली आणि हिवाळ्यात त्यांचे थवे इथे उतरतात. मोठा कार्प त्यांना गिळता येत नाही, पण पहिल्या आणि दुसऱ्या उन्हाळ्याची पिल्लं नेमकी त्यांच्या मापाची असतात. जे खातात त्याशिवायही बरेच मासे चोचीच्या जखमांनी खराब होतात. दक्षिण अमेरिकेतून आलेला कॉयपू हा मोठ्या घुशीसारखा प्राणी बांधात बिळं करतो. बिळाचं तोंड पाण्याखाली असल्याने ते दिसतं तेव्हा बहुधा बांध खचलेलाच असतो. बांधावरचं मोठं झाड मेलं तर त्याची कुजलेली मुळंही पाण्याला तशीच वाट करून देतात.

दोंबमध्ये वर्षाला साधारण हजार ते पंधराशे टन मासे निघतात आणि त्यात निम्म्याहून जास्त कार्प. फ्रेंच घरांत मात्र कार्प फारसा शिजत नाही. त्याला मातकट वास येतो, तो पाण्यातल्या काही जिवाणूंनी तयार केलेल्या एका द्रव्याचा. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला की तो वास उतरतो. दुसरी तक्रार काट्यांची. कार्प आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला, त्यामुळे मांसात दुबेळकी बारीक काटे असतातच. त्यावर उपाय म्हणजे तुकड्याला दोन-तीन मिलिमीटरवर समांतर चिरा देऊन तो कडक तळणं. काटे तुकडे होऊन तळले जातात आणि जिभेला लागत नाहीत. पट्ट्या धुरावून विकण्याची पद्धतही आता रुळली आहे.

इथल्या खानावळींत बेडकाच्या तंगड्या लोणी, लसूण आणि पार्सलीत परतून मिळतात आणि लोक त्या दोंबची खासियत म्हणून खातात. पण फ्रान्समध्ये रानातले बेडूक विक्रीसाठी पकडण्यावर १९८० च्या सुमारास बंदी आली. ताटातले बेडूक बहुतेक इंडोनेशियासारख्या देशांतून गोठवून येतात. एके काळी ते मोठ्या प्रमाणात भारतातून जात, १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. त्यामुळे दोंबच्या तळ्याला हातभार लावायचा असेल तर कार्प मागवावा.

ल्योंहून रेल्वेने विलार-ले-दोंब या स्थानकावर उतरता येतं, १८६६ च्याच त्या मार्गाने. तिथला मोठा पक्षी-उद्यान १९७० पासून आहे आणि बुलिन्यो तिथून जवळच. तळी जवळपास सगळी खाजगी आहेत, म्हणून बांधावर चढण्याआधी विचारावं आणि शिकारीच्या दिवसांत खुणा केलेल्या पायवाटा सोडू नयेत. मासे काढणं पाहायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी जावं. तारीख पाणी किती उतरलंय त्यावर ठरते, त्यामुळे आदल्या दिवशी गावात चौकशी करावी आणि उजाडायच्या आत बांधावर पोचावं. नऊ-दहा वाजेपर्यंत बहुतेक मासा ट्रकमध्ये चढलेला असतो.